पर्याय कोणासाठी?

(बंगळूर येथे मराठी भाषक कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

कॉम्रेड्स,

पक्षाच्या ठरावांचे मराठी करताना एका शब्दापाशी मी नेहमी अडतो. तो शब्द म्हणजे ‘पर्याय’. मराठीत त्याचे दोन अर्थ होतात. एक, दुसरा मार्ग; आणि दुसरा, त्याच अर्थाचा निराळा शब्द. कोळसा आणि खनिज तेल यांना पर्याय शोधण्याची भाषा आज मंत्र्यांपासून मक्तेदारांपर्यंत सारेच करीत आहेत. त्यांना खरोखर दुसरा मार्ग अभिप्रेत आहे की जुन्या अर्थालाच दिलेले नवे नाव, हे आपण पारखून घेतले पाहिजे. त्यासाठी या शहरापासून फार दूर जाण्याचे कारण नाही.

१९०२ साली कावेरीवरील शिवसमुद्रम येथे वीज निर्माण झाली. त्या विजेत कोळशाचा धूर नव्हता. परंतु ती प्रथम गेली कोठे? वाटेतल्या खेड्यांना अंधारात ठेवून सुमारे १४७ किलोमीटर दूर, ब्रिटिश कंपन्यांच्या कोलार येथील सोन्याच्या खाणींकडे! बंगळूरच्या रस्त्यांवर दिवे लागले ते १९०५ मध्ये. आपल्या महाराष्ट्रातही १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचे मावळे टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रहाला उभे राहिले. त्या धरणाची वीज मुंबईसाठी होती आणि बुडणारी शेते मावळ्यांची होती. वीज स्वच्छ असली म्हणजे व्यवहारही स्वच्छ असतो असे नाही, हा धडा आपल्याला शंभर वर्षांपूर्वीच मिळालेला आहे.

आता एकाच तुमकूर जिल्ह्यातील दोन प्रयोग पाहू.

१९७३ च्या तेलसंकटाने जगाला हादरा दिला. त्यानंतरच्या वर्षी येथील भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने ‘अस्त्र’ हा विभाग स्थापन झाला. ग्रामीण भागासाठी विज्ञान राबविणे हे त्याचे उद्दिष्ट होते. कुणिगल तालुक्यातील पुरा या लहानशा खेड्यात शास्त्रज्ञांनी आधी पाहणी केली. तेथील ऊर्जेचा सर्वांत मोठा भाग सरपणाचा होता, आणि सरपण व पाणी वाहण्याच्या कष्टांचे मोठे ओझे स्त्रियांच्या डोक्यावर होते. प्रथम शेणाच्या गॅसवर स्वयंपाक करण्याची योजना झाली. परंतु गावच्या गुरांचे शेण त्याला पुरेना. गावाची खरी निकड होती घराजवळ पिण्याच्या स्वच्छ पाण्याची. तेव्हा योजना बदलली. १९८७ पासून गॅसवर इंजिन चालू लागले (सोबत थोडे डिझेल लागतच होते), त्यावर कूपनलिकेचे पाणी नळांना आले आणि घरांत दिवे लागले. शेण आणून देणाऱ्यांना मोबदला मिळे व खतही परत मिळे. हा प्रयोग सुमारे दशकभर चालला, पण टिकला नाही. तथापि गावाला काय हवे हे गावालाच विचारावे लागते, हे त्याने दाखवून दिले.

दुसरा प्रयोग पावगड तालुक्यातला. या दुष्काळी, भुईमुगाच्या मुलखात सुमारे १३,००० एकरांवर सौर उद्यान उभे आहे. त्याची क्षमता २,०५० मेगावॉट असून २०१९ च्या अखेरीस ते पूर्ण झाले. येथे सरकारने जमीन संपादन केली नाही, ती भाड्याने घेतली. सुरुवातीचा दर एकरी वर्षाला २१,००० रुपये होता आणि त्यात ठरावीक मुदतीने वाढ होते. वारंवार पीक बुडणाऱ्या शेतकऱ्याला हा आधार वाटला तर त्यात नवल नाही. मालकी त्याच्याकडेच राहिली हीही जमेची बाजू होय. आपण ती नाकारता कामा नये.

पण ज्याच्या नावे सातबारा नाही त्याचे काय? शेतमजुराची मजुरी त्या जमिनीवरच होती. धनगराच्या मेंढ्या त्याच माळावर चरत होत्या. भाड्याच्या करारात या दोघांचे नाव नाही. ज्याच्याकडे जमीन अधिक त्याला भाडे अधिक, आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्या वाट्याला गवत कापणे, तावदाने धुणे किंवा पहारा देणे, तेही कंत्राटदाराच्या मर्जीवर. सूर्य सर्वांना सारखा तळपतो खरा, परंतु त्याचे भाडे सातबाऱ्यावर जमा होते!

शहरातील गोष्ट निराळी नाही. बंगळूरच्या रस्त्यांवर विजेच्या बसगाड्या धावू लागल्या आहेत. धूर कमी झाला, हे चांगलेच झाले. परंतु यांतील बहुतेक गाड्या खाजगी कंपनीच्या व चालकही तिचाच असून, महामंडळ किलोमीटरमागे पैसे मोजते. अशा भाडेतत्त्वाचे फळ मुंबईने पाहिले आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बेस्टच्या भाडेतत्त्वावरील गाड्यांच्या चालकांना वेतनासाठी काम बंद करावे लागले. सार्वजनिक सेवा मोडण्यासाठी पर्यावरणाची ढाल पुढे केली जात असेल, तर ती ढाल आपण बाजूला सारली पाहिजे.

कॉम्रेड्स, या प्रश्नावर आपल्यातही दोन चुका होतात. पहिली चूक म्हणजे ‘हा मध्यमवर्गीयांचा छंद आहे’ असे म्हणून पाठ फिरविणे. तापलेल्या उन्हात पोलाद ओतणारा, रस्ता खणणारा आणि ऊस तोडणारा कामगारच उष्म्याने प्रथम कोसळतो. कोळशाची धूळ आधी चंद्रपूरच्या खाणकामगाराच्या घरात शिरते, मग अहवालात. दुसरी चूक म्हणजे कोळसा उद्याच बंद करता येईल असे मानणे. देशातील सुमारे तीन-चतुर्थांश वीज अजून कोळशावर तयार होते. कर्नाटकात कोळशाच्या खाणी नाहीत, तरी रायचूरची भट्टी बाहेरून आणलेल्या कोळशावर पेटते. सूर्य मावळतो नेमका त्याच वेळी घराघरांत दिवे लागतात. म्हणून वीज साठविण्याची सोय हवी, मग ती बॅटऱ्यांची असो वा पाणी वर चढवून पुन्हा खाली सोडण्याची. त्यासाठी प्रचंड भांडवल लागेल, आणि ते कोणाचे असेल यावर उद्याच्या विजेचा दर ठरेल.

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. सौर प्रकल्पाच्या उत्पन्नात भूमिहीनांचा व पशुपालकांचा कायदेशीर हिस्सा असावा. तेथील काम कंत्राटाने न देता कायम स्वरूपाचे असावे. विजेच्या बसगाड्या महामंडळाच्या मालकीच्या व चालक महामंडळाचे असावेत. वीज साठवण सार्वजनिक क्षेत्रात असावी. सौर तावदानांच्या उत्पादनाचा मोठा भाग आज एकट्या चीनमध्ये होतो. याच बंगळुरात ‘भेल’चा सौर घट तयार करणारा सार्वजनिक कारखाना असताना त्याला बळ का मिळू नये? आणि कोणतीही खाण बंद करण्यापूर्वी तेथील कामगाराला, कायम असो वा कंत्राटी, पर्यायी काम व पूर्ण वेतन हमीने मिळाले पाहिजे.

ही शेवटची मागणी सर्वांत अवघड आहे. खाणीतल्या आपल्या युनियनने पावगडच्या शेतमजुराचा प्रश्न आपला मानला, आणि शेतमजुराच्या संघटनेने खाणकामगाराचा, तरच ती पुढे सरकेल. नाही तर इंधन बदलेल, मालक तोच राहील. आणि मग ‘पर्याय’ या शब्दाचा शब्दकोशातला अर्थच खरा ठरेल.