छपराचं परमिट



गारा म्हटलं की आपल्याला आठवतं ते गावाकडचं अंगण. गारा ओंजळीत वेचायच्या, कडाकडा खायच्या आणि घसा बसला की आईची बोलणी. डॅलसला आलो आणि पहिल्याच एप्रिलात माझी ती हौस फिटली. इथे गारांची मापं खेळाच्या सामानात सांगतात. गोल्फचा चेंडू म्हणजे पावणेदोन इंच, बेसबॉल पावणेतीन, सॉफ्टबॉल चार. 5 मे 1995 ला फोर्ट वर्थच्या मेफेस्टमध्ये लोक उघड्यावर असताना सॉफ्टबॉलएवढ्या गारा कोसळल्या. शंभरावर माणसं जखमी झाली.

तर परवाची गारपीट. हिरवळीवरच्या गारा वितळायच्या आत दारावर छपराच्या ठेकेदाराची टकटक होते. “तपासणी फुकट, आणि डिडक्टिबलचं आम्ही बघतो.” चार लाख डॉलरचा विमा आणि दोन टक्के डिडक्टिबल म्हणजे आपल्या खिशातून जाणारे 8,000 डॉलर, मोह पडतोच. पण 1 सप्टेंबर 2019 पासून टेक्सासमध्ये ठेकेदारानं ते माफ करणं गुन्हा आहे, आणि तुम्ही ते भरल्याचा पुरावा विमा कंपनी मागू शकते. याच राज्यात केस कापणाऱ्याला राज्याचं लायसन्स लागतं, छप्पर घालणाऱ्याला लागत नाही!

म्हणून शहराचं परमिट. नियम शहरागणिक वेगळे, तेव्हा आपल्या शहराच्या इमारत विभागाला आपणच फोन करावा, ठेकेदाराच्या तोंडी उत्तरावर राहू नये. मी राहिलो होतो. “परमिट तुमच्याच नावावर काढा, काम लवकर होईल,” असं तो म्हणाला, आणि मी काढलं. काम झालं, छप्पर झकास दिसत होतं. इन्स्पेक्टर मात्र शिडी सोडून आधी माळ्यावर गेला. छपरावरच्या ठोकाठोकीत गॅसच्या वॉटर हीटरचा धुराचा पाइप सांध्यातून निसटला होता. म्हणजे धूर, आणि त्यातला वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड, थेट माळ्यात. दुरुस्तीची जबाबदारी कुणाची? परमिटवर नाव माझं. ठेकेदार तोवर पुढच्या वादळाच्या मागे दुसऱ्या गावी गेलेला. पाइप मी स्वतः पैसे देऊन बसवून घेतला.

आता शिंगलकडे वळू. ‘क्लास 4’ हा शब्द तुम्ही ऐकाल. यूएल 2218 या चाचणीत दोन इंची पोलादी गोळा, वजन अर्ध्या किलोच्या वर, वीस फुटांवरून एकाच जागी दोनदा टाकतात. शिंगल तडकली नाही तर क्लास 4. यातल्या पुष्कळ शिंगलांच्या डांबरात रबरासारखं पॉलिमर मिसळलेलं असतं, त्यामुळे मार बसला की ती लवतात. पण गोळा दोन इंची आहे, हे विसरू नका. बेसबॉलएवढ्या गारेपुढे या शिक्क्याची हमी नाही. शिवाय चाचणी कोऱ्या शिंगलची असते, आणि आपली शिंगल टेक्सासच्या उन्हात वर्षानुवर्षं भाजते. साउथ कॅरोलिनात रिचबर्गला विमा उद्योगाची एक प्रयोगशाळा आहे. तिथे पोलादाऐवजी बर्फाचे गोळे मारतात आणि शिंगलवरचे दाणे किती झडले तेही मोजतात. खरेदीआधी त्यांचं गुणांकन जरूर पाहा. पत्र्याचं छप्पर सहसा गळत नाही, त्याला पोचे मात्र पडतात. विम्यात सूट घेताना ‘नुसत्या पोच्यांची भरपाई नाही’ अशी ओळ बारीक अक्षरात असू शकते. ती वाचूनच सही करा.

सोसायटी, म्हणजे एचओए, आडवी आली तर? 2011 पासून टेक्सासचा कायदा आपल्या बाजूनं आहे. गारांना टिकणारी शिंगल दिसायला आसपासच्या छपरांसारखी आणि दर्जानं त्यांच्या तोडीची असेल, तर एचओए तिला बंदी करू शकत नाही. आधी अर्ज मात्र करा, उगाच दंडाचं पत्र कशाला?

शेवटचा चेक देण्याआधी दोन कागद हातात हवेत: शहराच्या अंतिम तपासणीचा शेरा, आणि विम्याच्या सवलतीसाठी लागणारा पीसी 068 हा फॉर्म, छप्पर बसवणाऱ्याच्या सहीनिशी. आणि शिंगलच्या गठ्ठ्याचं छापील वेष्टण मजुरांना टाकू देऊ नका, त्यावर क्लास लिहिलेला असतो. माझं वेष्टण गॅरेजमध्ये आकाशकंदिलाच्या खोक्यात आहे. दर दिवाळीला बायको विचारते, हे टाकू का?