मोकळी कोंबडी

पूर्णेकांठच्या जाफराबाद तालुक्यांतील एखाद्या खेड्यांत सकाळीं डोकावावें, तों भिंतीशीं पालथें घातलेलें डालें कोणी गृहिणी उचलीत असते. आंतल्या कोंबड्या पंख झाडीत उकिरड्याकडे धांवतात. सांडलेले दाणे, किडे, वाळवी, कोंवळें गवत यांवर त्यांचा दिवस निभावतो. खर्च जवळजवळ नाहीं, आणि अंड्यांचे पैसे बहुधा त्या गृहिणीच्याच हातीं राहतात. म्हणून असे पांच-सात पक्षी दगावणें ही त्या घरीं लहान गोष्ट नव्हे.

शहरांतील परसांतहि हाच प्रश्न पडतो: कोंबडी मोकळी सोडावी कीं कोंडावी? तिचा मूळ पूर्वज रानकोंबडा. माती उकरणें आणि धुळींत लोळणें हा तिचा जातिस्वभाव आहे. दाटीनें कोंडलेल्या कोंबड्या एकमेकींचीं पिसें उपटूं लागतात. तेव्हां मोकळीक हवीच; परंतु मोकळें सोडणें म्हणजे वाऱ्यावर सोडणें नव्हे.

बहुतेक कोंबड्या दुपारपूर्वीं अंडें घालतात. म्हणून त्यांना खुराड्यांतून जरा उशिरा सोडावें, म्हणजे अंडीं झुडपांत हरवत नाहींत. नवी कोंबडी आठवडाभर आंतच ठेवावी, म्हणजे तिला घर ओळखूं येतें. अंगणांत झुडूप असावें. घार दिसतांच पिलांना तोच आसरा. तिन्हीसांजेला रोज एकच हांक देऊन मूठभर ज्वारी टाकावी, पक्षी मोजावे आणि दार लावावें. बोका अंधाराचीच वाट पाहत असतो.

कापसाच्या मुलखांत आणखी एक भय आहे. पेरणीचें बियाणें औषध चोळलेलें असतें व पुढें पिकावर फवारणी होते. त्या दिवसांत कोंबड्या शेतापासून दूर राखाव्या.

रोगाचें भय तर सर्वत्र आहे. मानमोडी एका पक्ष्यापासून सगळ्या गांवांत पसरते. तिची लस पिलाला पहिल्या आठवड्यांत आणि पुन्हां आठव्या आठवड्याच्या सुमारास देतात. फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापुरास बर्ड फ्ल्यू आढळला, तेव्हां त्या परिसरांत घरोघरच्या कोंबड्याहि मारणें भाग पडलें. अशी सांथ जवळ आल्याचें कळतांच मोकळीक थांबवावी, आणि पक्षी एकाएकी मरूं लागल्यास लपवूं नये. पशुवैद्यकीय दवाखान्यांत कळवावें. एका घरानें लपविलेलें मरण शेजारच्या दहा घरांना भोंवतें.

दिवसा अंगण आणि रात्रीं दार, एवढा नेम पाळला तर कोंबडीहि सुखी व घरहि निश्चिंत.