जुन्या तिकिटांची किंमत



मुलगा पोस्टाची तिकिटे जमवतो म्हणून त्याच्यावर रागावू नका. आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाची स्वतःची तिकिटे होती. १८७१ च्या तिकिटावर मराठी अक्षरेही आहेत! १९३१ च्या तिकिटांत आठ आण्यांवर अजिंठा, रुपयावर दौलताबादचा मिनार, आणि बारा आण्यांवर महमूद गवानचा बीदरचा मदरसा. विद्यालयाचे चित्र तिकिटावर यावे, याचे मला फार कौतुक वाटते.

आता किमतीचे. जुने ते सारे महाग, हा गैरसमज आहे. अमाप छापलेली तिकिटे आजही स्वस्तच मिळतात. कडेचे दाते शाबूत हवेत, कागद विरलेला नको. पण मुख्य म्हणजे लिफाफ्यावरचे तिकीट कापू नका, भिजवून सोडवूही नका. त्यावर मोमिनाबादचा, म्हणजे आजच्या अंबाजोगाईचा, शिक्का व तारीख स्पष्ट असेल, तर जाणकार सुट्या तिकिटापेक्षा अख्ख्या लिफाफ्याला जास्त मोल देतात.

तेव्हा आजोबांच्या पेटीतले कागद रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा उलगडून पाहा. आतले पत्र जुन्या वळणाच्या उर्दूत किंवा मोडीत असेल. ते वाचणारे कोणी घरात असेल, तर मुलांना त्यांच्याजवळ बसवून आजच वाचून घ्या.