मोबाईलवरची हळद, कागदावरची हळद

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सातारा-सांगलीत आपण बचत गटाची हळद पाकिटातून विकायची म्हटलं, की लेबल आलंच. मग मोबाईलवर झळझळीत दिसलेला रंग छापल्यावर फिका का पडतो?

मोबाईलचा पडदा स्वतः उजेड देतो. त्यात लाल, हिरवे, निळे बारीक दिवे असतात. लाल-हिरवे मिळून पेटले, की पिवळं दिसतं. कागदाला स्वतःचा उजेड नाही. त्यावरची शाई पडलेल्या उजेडातला एक रंग गिळते, उरलेला आपल्याला दिसतो. पिवळी शाई निळा गिळते, आकाशी लाल, गुलाबी हिरवा. म्हणून छापखान्यात या तीन शाया, जोडीला काळी. पडद्याचे सगळे रंग त्यांना जमत नाहीत.

तेव्हा हजार लेबलं सांगण्याआधी एक नमुना छापून घेऊ, उन्हात धरून बघू, मगच पैसे मोजू.