मागे उभं राहणं

(रौप्यमहोत्सवी समारंभात ज्येष्ठ सभासदांच्या वतीने केलेले भाषण)



कमिटीने मला ‘तरुणांना चार गोष्टी सांगा’ असे सुचवले. पण तरुणांना सांगायला घरोघरी माणसं आहेतच. मी आज माझ्या वयाच्या मंडळींशी बोलणार आहे. विषय सायकलवरच्या लांबच्या प्रवासाचा आणि त्यात आई-बापाने काय करायचं याचा.

२०१८ साली पुण्याची वेदांगी कुलकर्णी, वय एकोणीस-वीस, सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली. जुलैत ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून सुरुवात केली आणि डिसेंबरात कोलकात्याला पोचली. १४ देश, सुमारे २९,००० किलोमीटर, १५९ दिवस. कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये चाकूचा धाक दाखवून लुटलं, रशियात बर्फात एकटीने मुक्काम केला. खर्चाचा मोठा भार आई-वडिलांनी उचलला. पण मला विचाराल तर पैसा ही त्यातली सोपी गोष्ट. अशी बातमी घरी पोचते तेव्हा ‘पुरे झालं, परत ये’ हे चार शब्द ओठावर येणारच. ते गिळणं अवघड.

आधाराचेही प्रकार असतात. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. सुमारे ४,८०० किलोमीटर, तेही नऊ दिवसांच्या आत. त्या शर्यतीत रात्री स्वाराच्या मागे गाडी असावीच लागते. उलट, आपल्याकडे आता रुजलेल्या ‘ब्रेव्हे’ प्रकारात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पार करायचे, आणि तिथे मागून गाडी चालत नाही. मदत करायची तर ठरलेल्या थांब्यावरच.

आम्ही बँकवाले याला जामीनदारी म्हणतो. जामीनदार धंद्यात लुडबुड करत नाही, गल्ल्यावरही बसत नाही. पण वेळ आली तर तो आहे, हे कर्जदाराला आणि बँकेला दोघांनाही माहीत असतं.

माझी लेक बेचाळीस वर्षांची. तिने सायकलवर पंढरपूरला जायचं ठरवलं, तेव्हा मी म्हटलं, गाडी घेऊन मी येतो. ती म्हणाली, “या बाबा, पण मागे मागे नका राहू. पुढे जाऊन थांबा.” म्हणून मिरजगाव, करमाळा, टेंभुर्णी असे थांबे ठरले. डिकीत केळी, मीठ-साखरेचं पाणी, दोन ट्यूब आणि पंप. रात्रीचं मला आता नीट दिसत नाही, त्यामुळे अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा, हीसुद्धा अट तिने माझ्यासाठी मान्य केली.

करमाळ्याला ती चाळीस मिनिटं उशिरा आली. त्या वेळात मी तीन वेळा गाडीची किल्ली फिरवली आणि तीन वेळा बंद केली. आली तेव्हा हात काळे झालेले. पंक्चर तिने स्वतःच काढलं होतं. आल्या आल्या पहिला प्रश्न मलाच, “बीपीची गोळी घेतली का?” कोण कोणाला सांभाळत होतं, हे तुम्हीच ठरवा.

आता जरा घरचं बोलतो. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा जिन्याखाली सायकलींना जागा होती. आज तिथे मोटारसायकली आणि जुनं फर्निचर आहे. पोरांच्या सायकली गच्चीच्या दारात गंजतायत. पुढच्या सर्वसाधारण सभेत सायकल स्टँडचा विषय मी मांडणार आहे. सूचक मी, अनुमोदक तुमच्यापैकी कोणीतरी व्हा. पार्किंगवरून वाद होईल, होऊ द्या.

आणि दुसरं. आपल्या पोरांपैकी कोणी डोंगरगण, शिर्डी किंवा त्याहून लांब जायचं म्हटलं, तर ‘रस्त्यावर ट्रक किती असतात’ हे जरूर सांगा. हेल्मेट, मागचा लाल दिवा, पहाटे निघणं, यावर अडून बसा. पण जाऊ नको म्हणू नका. ज्यांच्याकडे गाडी आणि लायसन आहे अशा आपण चार-सहा निवृत्तांनी पाळी लावून पुढच्या थांब्यावर उभं राहायचं. एरवीही सकाळी आपण कट्ट्यावरच बसतो. एखाद्या रविवारी तो कट्टा मिरजगावला हलवू.

नावं माझ्याकडे द्या.