सुई तर मध्यावर होती



मुरूडहून अलिबागच्या रस्त्याला लागलं की नांदगावनंतर काशीद येतं. पांढऱ्या वाळूचा लांब किनारा, कडेला सुरूची झाडं आणि पाठीशी फणसाड अभयारण्याचा डोंगर. लोक तिथं समुद्र पाहायला जातात. मी तिथं फोटोग्राफीचं गणित शिकलो, तेही एका बिघडलेल्या फोटोमुळं. आज त्याच फोटोविषयी बोलायचं आहे.

गोष्ट १९९५ च्या डिसेंबरातली. बी. ए. होऊन नोकरीला लागलो होतो. कवितेचं वेड होतंच, त्यात कॅमेऱ्याची भर पडली. कॅमेरा मित्राचा, उसना. त्यातून पाहिलं की कडेला एक सुई हलताना दिसे. सुई मध्यावर आणायची आणि बटण दाबायचं, एवढंच मित्रानं शिकवलं होतं. एका रविवारी घरची सगळी मंडळी काशीदला गेलो. सकाळचे अकरा वाजले होते. अम्मी सुरूच्या सावलीत बसली होती, मागे उन्हानं लखलखणारी वाळू. अम्मीला फोटो काढून घेणं मुळीच आवडत नसे. ओळखपत्रासाठी काढलेला एक फोटो सोडला, तर तिचा दुसरा फोटो घरात नव्हता. त्या दिवशी मात्र तिनं डब्यातलं सांदण काढून हात पुढे केला आणि म्हणाली, "आधी खा, मग काढ काय काढायचा तो." मी सुई मध्यावर आणली आणि तेवढ्यात बटण दाबलं.

आठवड्यानं रोल धुऊन आला. वाळू राखेसारखी करडी आणि अम्मीच्या चेहऱ्याच्या जागी काळा डाग. मी कॅमेऱ्याला दोष दिला, स्टुडिओवाल्याला दोष दिला. त्यानं शांतपणे निगेटिव्ह उजेडासमोर धरली. वाळूच्या जागी फिल्म गडद झाली होती, चेहऱ्याच्या जागी जवळजवळ कोरी, आरपार. तो म्हणाला, "इथं काही उमटलेलंच नाही. नाही ते मी कुठून आणू?"

मग मी अभ्यासाला लागलो. प्रकाशाचं हे गणित आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला कळायला अवघड नाही. मिठागरात भरतीचं पाणी घेताना फळी किती उचलायची आणि किती वेळ उचलून धरायची, या दोन गोष्टी पाहाव्या लागतात. कॅमेऱ्यात फळी म्हणजे भिंगातलं छिद्र, त्याला ॲपर्चर म्हणतात. वेळ राखतो तो शटर. तिसरी गोष्ट फिल्मची संवेदनशीलता, म्हणजे तिचं काम किती थोड्या प्रकाशात भागतं ते. छिद्राचे आकडे ४, ५.६, ८, ११, १६ असे चढतात, पण आकडा चढला की छिद्र लहान होतं आणि दर पायरीला प्रकाश निम्मा होतो. शटर १/१२५ सेकंदावरून १/२५० वर नेलं तरी प्रकाश निम्माच.

जुन्या फोटोग्राफरांचा एक तोंडपाठ नियम आहे. लख्ख ऊन असेल तर छिद्र १६ वर ठेवा आणि फिल्म १०० ची असेल तर शटर १/१२५ वर. झाडाच्या मोकळ्या सावलीत छिद्र ५.६ पर्यंत उघडा. माझ्या सुईनं त्या दिवशी छिद्र १६ आणि शटर १/२५० सांगितलं होतं. हिशेब करून पाहिला. छिद्राच्या तीन पायऱ्या आणि शटरची एक. अम्मीच्या चेहऱ्याला हवा होता त्याच्या सोळाव्या हिश्शाएवढाच प्रकाश मी फिल्मपर्यंत पोहोचू दिला होता.

सुई खोटं का बोलली? ती खोटं बोललीच नाही. मीटर असं धरून चालतो, की समोर जे आहे ते सरासरीनं मध्यम करडं आहे, पडलेल्या प्रकाशातला सुमारे १८ टक्के परत पाठवणारं. पांढरी वाळू दाखवा, तो तिला करडी करतो. काळा बुरखा दाखवा, त्यालाही करडा करतो. समोर वाळू आहे की आई, हे त्याला कळत नाही. ते ओळखायचं काम बटण दाबणाऱ्याचं. कोणी मला विचारतं, "मुसलमान असून मराठीत कविता लिहिता?" तेव्हा मला ती सुई आठवते. विचारणारा वाईट नसतो, त्याच्याजवळ फक्त सरासरी असते.

अमेरिकेचे थोर फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्स १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतून जात असताना त्यांना एका खेड्यावर उगवलेला चंद्र दिसला. खाली स्मशानातले क्रूस मावळत्या उन्हात चमकत होते. घाईत प्रकाशमापक सापडेना. पण चंद्राची तेजस्विता त्यांना पाठ होती. तिच्यावरून मनात हिशेब करून त्यांनी फोटो घेतला. दुसरा घेण्याआधीच क्रूसांवरचं ऊन गेलं. तो एकच फोटो जगप्रसिद्ध झाला. त्यांचा अभ्यास त्या संध्याकाळच्या कितीतरी आधी झाला होता. माझा अभ्यास मात्र नंतर सुरू झाला.

पुढं मी वही ठेवली. प्रत्येक फोटोचं छिद्र, शटर, वेळ, ऊन लिहायचो. एकच दृश्य तीन वेगवेगळ्या मापांनी घ्यायचो. दोनेक वर्षांत सुई न पाहता सावलीचा अंदाज येऊ लागला. पण अम्मी पुन्हा फोटोला बसली नाही. "एकदा काढलास ना?" म्हणायची. २००१ मध्ये ती गेली. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात काशीदचे पुष्कळ सुरूही आडवे झाले.

आता काशीदला हातोहाती मोबाइल दिसतात. पाठीमागे चकाकती वाळू घेऊन पोरं आपल्या आईवडिलांचे फोटो काढत असतात. मी ओळख नसताना जवळ जातो आणि सांगतो, "बाळा, पडद्यावर आईच्या चेहऱ्यावर बोट ठेव. बऱ्याच फोनांत बाजूला छोटा सूर्य दिसतो, तो थोडा वर सरकव. वाळू पांढरीफटक झाली तरी चालेल, चेहरा येऊ दे."

तो फोटो अजून माझ्याकडे आहे. त्यात अम्मीचा चेहरा नाही. पण सांदण देण्यासाठी तिनं पुढे केलेला हात सावलीबाहेर, उन्हात आला होता. तो हात, त्यातल्या काचेच्या बांगड्या आणि ते सांदण स्वच्छ उमटलं आहे.