संगणकावरील अर्ज आणि आपली सही
(मराठीभाषक रेल्वे व टपाल कामगारांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आजचा विषय वरवर पाहता कारकुनी वाटेल. रिक्त जागा, महागाई भत्ता, निवृत्तिवेतन हे प्रश्न उभे असताना ‘अर्ज कसा भरावा आणि सही कशी करावी’ यावर काय बोलायचे, असे कुणी म्हणेलही. पण शाखांकडून आमच्याकडे येणाऱ्या कित्येक तक्रारींचे मूळ आता याच कारकुनी गोष्टीत सापडते.

आमच्या एका शाखेतले बंधू घ्या. उमर रेल्वेमार्गावर, गँगमध्ये गेली. हातात साधा बटणांचा फोन. खात्याच्या संगणकात नाव चढवायची वेळ आली तेव्हा ऑफिसातला ओळखीचा सहकारी म्हणाला, ‘माझा नंबर टाकतो, ओटीपी आला की मी बघतो.’ हेतू चांगलाच होता. पुढे त्या सहकाऱ्याची बदली झाली, नंबरही बदलला. मुलीच्या लग्नासाठी भविष्यनिधीतून रक्कम काढायची वेळ आली, तर ओटीपी कुठे जातो हेच कळेना. नोंद दुरुस्त होईपर्यंत दोन महिने गेले आणि लग्न व्याजाच्या पैशावर उरकावे लागले. शिवाय नोंदीत एक पास असा निघाला की जो आपण कधी मागितलाच नव्हता, असे ते आजही सांगतात. संगणक म्हणतो, मागणी तुमच्याच ओटीपीने झाली. कागद असता तर निदान सही आपली आहे की नाही, हे दाखवता तरी आले असते.

संगणकाला आपला विरोध आहे, असा याचा अर्थ कुणी काढू नये. आरक्षणाच्या खिडकीवर संगणक आला तेव्हा आपल्यात किती वाद झाले, ते जुन्या मंडळींना आठवत असेल. रेल्वेत २०२० पासून पास संगणकावर आला, त्याने पास क्लार्ककडचे हेलपाटे वाचले, हेही खरे आहे. आपला मुद्दा एवढाच, की सही कुणाच्या हातात राहते.

कायदा काय म्हणतो? माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला. त्याच्या पाचव्या कलमाने, जिथे कायद्याला सही लागते तिथे ठरवून दिलेल्या पद्धतीची इलेक्ट्रॉनिक सही चालेल, असे मान्य केले. पुढे २००८ च्या दुरुस्तीने ३-अ कलम घातले. अशी सही विश्वासार्ह केव्हा मानायची, ते त्यात सांगितले आहे. सहीचे साधन सही करणाऱ्याशीच जोडलेले हवे, सही करताना ते त्याच्याच ताब्यात हवे, आणि सहीनंतर मजकुरात वा सहीत फेरफार झाला तर तो उघड झाला पाहिजे. ‘त्याच्याच ताब्यात’ हे शब्द प्रत्येकाने गाठीशी बांधून ठेवावेत.

ही सही होते कशी, ते आपल्याच कामाच्या भाषेत सांगतो. विम्याचे टपाल घेताना आपण मोहोर पाहतो, वजन करून नोंदवतो आणि पुढच्या हाती देताना तेच वजन पुन्हा पाहतो. संगणकही अर्जातल्या अक्षरन् अक्षराचे असे एक ‘वजन’ काढतो. एक आकडा बदलला तरी ते वजन जुळत नाही. या वजनावर तुमच्या गुप्त किल्लीने मोहोर लागते, तीच तुमची सही. आधारच्या ई-साइनमध्ये, ही पद्धत २०१५ पासून आहे, ओटीपी किंवा बोटाच्या ठशावरून तुमची ओळख पटवतात आणि ती किल्ली त्या एका सहीपुरतीच तयार होते. सही देणाऱ्या संस्थेकडे अर्ज जात नाही, फक्त ते वजन जाते. अधिकाऱ्यांकडे असते ते यूएसबी टोकन. त्यात किल्ली कायमची असते आणि पिन लागतो.

टोकन म्हटले की रेल्वेवाल्यांना नीलचा गोळा आठवेल. एकेरी मार्गावर तो गोळा हाती असल्याशिवाय गाडी पुढे जात नाही, आणि एका वेळी एकच गोळा बाहेर निघतो. तो दुसऱ्याच्या हाती देऊन कुणी स्टेशन मास्तर घरी गेल्याचे ऐकिवात नाही. पण साहेबांचे यूएसबी टोकन क्लार्कच्या टेबलाच्या खणात आणि पिन चिठ्ठीवर, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे! काम अडू नये म्हणून साहेब देतात, क्लार्कला नाही म्हणता येत नाही. पण याच कायद्याचे ४२ वे कलम किल्ली सांभाळण्याची जबाबदारी धारकावर टाकते, आणि ६६-क कलमाखाली दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही किंवा पासवर्ड लबाडीने वापरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. उद्या चौकशी लागली की तोंडी हुकूम कुणाला आठवत नाही. टपाल कचेरीत काउंटरवर बसणाऱ्या भगिनींनी आपला युजर आयडी ‘पाच मिनिटांसाठी’ देताना हे ध्यानात धरावे. तोंडी सांगितले तर लेखी मागा. मागायला संकोच वाटला तर शाखेला सांगा, आम्ही मागू.

आता निवृत्तीचा अर्ज. टपाल खात्यासह केंद्राच्या नागरी खात्यांसाठी २०२४ साली ‘सहा-अ’ नमुना आला. पूर्वीचे नऊ नमुने त्यात एकत्र झाले आणि सही एकदाच करायची. सोय झालीच. पण त्या एका सहीखाली कुटुंबाचा तपशील, नामनिर्देशन, वैद्यकीय भत्त्याचा पर्याय, सगळे येते. नऊ कागदांवर नऊ सह्या करताना माणूस नऊदा थांबत असे. आता थांबायचे ते आपणच ठरवून थांबायला हवे. पडद्यावरचा सगळा अर्ज शेवटपर्यंत वाचा, घरच्यांना वाचून दाखवा, मग ओटीपी घाला. सही झाल्यावर पीडीएफ प्रत आणि अर्ज क्रमांक स्वतःकडे ठेवा. एक सांगून ठेवतो, मृत्युपत्राला ही सही चालत नाही. ते अजूनही कागदावर, दोन साक्षीदारांसमक्षच.

मराठी माणसाची एक खास अडचण आहे. इटारसीला, सिकंदराबादला, हुबळीला नोकरी करणाऱ्या आपल्या माणसाचे सेवापुस्तिकेत आडनाव आधी, आधारवर शेवटी. वडिलांचे नाव एकीकडे पूर्ण, दुसरीकडे नुसते अक्षर. भगिनींचे तर माहेरचे नाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्यावर. ई-साइनमध्ये आधारवरचेच नाव उमटते. दोन्ही जुळत नसतील तर निवृत्तीच्या महिन्यात धावपळ करण्यापेक्षा आजच दुरुस्ती करून घ्या. खात्याने दिलेला फोन नंबर नोंदवला असेल तर स्वतःचा नोंदवा. नोकरीबरोबर तो नंबर गेला तर ओटीपीही गेला.

टपालातील बंधूंना आणखी एक विनंती. निवृत्तांचा हयातीचा दाखला २०१४ पासून डिजिटल झाला आणि आज आपले पोस्टमन आणि ग्रामीण डाकसेवक तो दारात जाऊन काढून देतात. म्हातारी विश्वासाने अंगठा पुढे करते. त्याच अंगठ्याने आधारजोड खात्यातून पैसेही निघतात. म्हणून यंत्र पुढे करण्यापूर्वी कशासाठी अंगठा घेतोय ते तिच्या भाषेत सांगा, पडदा दाखवा, पावती हाती द्या. ज्यांच्या बोटांच्या रेषा खडी फोडून, फावडे मारून झिजल्या आहेत त्यांच्यासाठी २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे. ठसा उमटला नाही म्हणून कुणाला परत पाठवू नका.

ज्याला फोन चालवता येत नाही त्याच्यासाठी कागदी अर्जाचे दार उघडे राहावे, आणि अर्ज कामगाराला समजेल त्या भाषेत वाचून दाखवण्याची जबाबदारी प्रशासनाने घ्यावी, या दोन मागण्या आपण प्रशासनापुढे ठेवत आहोत. तोवर आपले घर आपण सावरू. पुढच्या मासिक सभेला प्रत्येकाने आधार कार्ड, सेवापुस्तिकेतल्या नावाची नक्कल आणि चालू फोन घेऊन यावे. शाखेतली दोन तरुण मुले टेबल मांडून बसतील, नाव आणि नंबर ताडून पाहतील. ओटीपी ती विचारणार नाहीत. कुणी विचारला, अगदी आमच्या नावाने विचारला, तरी देऊ नका.